टाकळा विरुद्ध गाजर गवत: एकाच जातीतल्या फरकाने स्पर्धेचा निकाल बदलतो का, हे कुंड्यांत कसं तपासावं

साताऱ्याहून मेढ्याला जा नाहीतर कोरेगावला, पाऊस लागून महिना झाला की रस्त्याच्या कडेला टाकळा आणि गाजर गवत एकमेकांच्या अंगावर वाढताना दिसतात. गाजर गवत हटवायचं तर तिथे टाकळ्याचं बी टाका, हा सल्ला शेतकऱ्यांना कितीतरी वर्षं दिला जातो. टाकळा दाट उगवतो, सावली धरतो, गाजर गवताची रोपं खुरटतात. सल्ला चांगलाच आहे. मात्र बी कुठलं टाकायचं, हे त्यात नसतं. एकाच बांधावरचं ओरबाडून आणलेलं चालेल, की चार ठिकाणचं मिसळलेलं हवं? टाकळ्याची सगळी रोपं एकसारखी असली तर तो गाजर गवताला जास्त दाबतो, की उंच, बुटकी, रुंद पानांची, अरुंद पानांची अशी सरमिसळ असली तर?

परिसंस्थाशास्त्रात हा प्रश्न बराच काळ बाजूला पडला होता. दोन जातींची स्पर्धा मांडताना प्रत्येक जातीची सरासरी घ्यायची, आणि त्या सरासरीभोवतीचा पसारा मापनातली चूक म्हणून सोडून द्यायचा, अशी पद्धत होती. २०१० नंतर हे चित्र झपाट्याने बदललं. २०१५ मध्ये जगभरच्या वनस्पतींवरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं. एखाद्या ठिकाणच्या वनस्पतींच्या गुणांमध्ये जो एकूण फरक दिसतो, त्यातला साधारण पाव हिस्सा जातीजातींमधला नसून एकाच जातीच्या रोपारोपांमधला असतो, असं त्यातून पुढे आलं.

बी.एस्सी.-एम.एस्सी.च्या प्रकल्पाला एका पावसाळ्यात बसेल, असा प्रयोग इथे दिला आहे. कॉलेजची गच्ची किंवा मागचं मोकळं अंगण, एक ओव्हन आणि मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा एवढं असलं की काम भागतं.

आधी डोक्यात काय पक्कं हवं

‘वैविध्य असलं की दोन्ही जाती सुखाने नांदतात’ हे वाक्य प्रकल्पाच्या प्रस्तावनेत घालायचा मोह सगळ्यांनाच होतो. घालू नका. २०१६ मध्ये हार्ट, श्रायबर आणि लेव्हिन या तिघांनी गणिती प्रारूपांतून दाखवलं, की जातीअंतर्गत फरकामुळे दोन जातींचं सहजीवन बहुतेक वेळा सोपं होत नाही, उलट अवघडच होतं. कारण फरक कशात आहे यावर सगळं अवलंबून असतं. काही रोपांची मुळं खोल आणि काहींची वर पसरलेली असली, तर त्या जातीला जास्त प्रकारची जागा वापरता येते. काही रोपं नुसतीच दांडगी आणि काही मरतुकडी असली, तर तो फरक ताकदीतला झाला, आणि त्याचा परिणाम निराळा निघतो.

दुसरी गोष्ट वक्ररेषेची. समजा टाकळ्याची उंची १० सेंमी असताना तो गाजर गवताचा १० टक्के प्रकाश अडवतो, २० सेंमीला ४० टक्के आणि ३० सेंमीला ५० टक्के. सगळी रोपं २० सेंमीची असतील तर ४० टक्के प्रकाश अडेल. निम्मी १० ची आणि निम्मी ३० ची असतील तर १० आणि ५० ची सरासरी ३० टक्के. उंचीची सरासरी दोन्हीकडे २० च, तरी फरक असलेला टाकळा कमजोर ठरला. आता आकडे बदला: १० ला ५ टक्के, २० ला १५ आणि ३० ला ४५. सारख्या रोपांना १५ टक्के मिळतात, मिसळीला २५. या वेळी मिसळ सरस. रेषा वर चढताना सपाट होत जाते की आणखी उभी होत जाते, यावर निकाल फिरतो. येन्सेन या डॅनिश गणितज्ञाने १९०६ मध्ये मांडलेली ही असमानता अख्ख्या प्रयोगाच्या मुळाशी आहे. म्हणून प्रयोग आखताना सरासरी तीच ठेवून फक्त फरक बदलायचा. प्रकल्प घसरतात ते नेमके इथे.

बी गोळा करणं: दिवाळीनंतरचं काम

टाकळ्याच्या शेंगा दिवाळीच्या आसपास वाळू लागतात. आपला जिल्हा या कामासाठी फार सोयीचा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढेमागे पाऊस, आणि माण तालुक्यात कसाबसा पाचशेच्या आसपास. दोन्ही टोकं एका दिवसाच्या मोटारसायकल प्रवासात येतात. मेढा, सातारा शहराची कड, कोरेगाव आणि दहिवडी अशा चार ठिकाणांहून प्रत्येकी तीन रोपं निवडा. बारा रोपं झाली. दोन रोपांत निदान दहा-वीस मीटर अंतर ठेवा. एका रोपाच्या पाच-सहा शेंगा एका कागदी पाकिटात भरा. शेंगेत वीस-तीस बिया असतात, त्यामुळे एका रोपाच्या शंभरावर बिया सहज मिळतात. पाकिटावर रोपाचा क्रमांक, ठिकाण आणि तारीख लिहा. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमट राहून बुरशी धरते.

ओळख मात्र नीट पटवा. आपल्याकडे ‘टाकळा’ म्हणून तीन सख्खी भावंडं खपतात. पावसाळ्यात भाजीला खुडतो तो सेन्ना टोरा: पानाला पर्णिकांच्या (एका पानातल्या छोट्या पानांच्या) तीन जोड्या, शेंग बारीक, लांब आणि किंचित वाकलेली. खालच्या दोन जोड्यांच्या मध्ये देठावर बारीक टोकदार ग्रंथी दिसतात. ग्रंथी फक्त सर्वांत खालच्या जोडीत असेल आणि फुलाचा देठ चांगला लांब असेल, तर ती सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया. कोरड्या भागात रस्त्याकडेला जो भरून असतो, तपकिरी लव असलेला, चार-पाच सेंटिमीटरच्या खाचाखाचांच्या आखूड शेंगांचा, तो सेन्ना युनिफ्लोरा. तो बाहेरून आलेला आहे. तीन जाती एका पाकिटात गेल्या तर तुम्ही जातीअंतर्गत फरक मोजतच नाही, सगळा प्रयोग वाया. शंका आली की फांदी वाळवून वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा.

गाजर गवताचं बी मात्र एकाच ठिकाणचं घ्या, कॉलेजच्या आवारातलंच. दोन कारणं. एक, या प्रयोगात प्रतिस्पर्धी स्थिर ठेवायचा आहे आणि फरक फक्त टाकळ्यात हवा. दुसरं, पुण्यात १९५५ च्या सुमारास नोंदलेलं हे तण पुढे देशभर पसरलं, त्याचं बी या तालुक्यातून त्या तालुक्यात नेण्याचं पुण्य आपण घेऊ नये. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क लागतीलच. या झाडाने त्वचेला खाज सुटते, अंगावर चट्टे येतात, आणि एकदा ॲलर्जी झाली की ती माणसाची पाठ सोडत नाही. आधीपासून दमा असलेल्या विद्यार्थ्याला या कामात घेऊ नका.

कासच्या पठारावर बी किंवा पान तोडायचा विचारही नको. पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात आहे, आणि वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथलं काहीच उचलता येत नाही. नुसतं बघायला मात्र जरूर जा. सप्टेंबरात तेरडा पाहा: कातळावर दोन बोटं माती असते तिथला तेरडा वीतभरसुद्धा होत नाही, आणि चार पावलांवर खळग्यात माती साठलेली असेल तिथे तोच गुडघ्याला लागतो. हा फरक बियांतला की मातीतला, हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून तर कुंड्या लावायच्या.

कुंड्यांची मांडणी

टाकळ्याचे दोन प्रकार करायचे. ‘एकजात’ कुंडीत चारही रोपं एकाच मातृरोपाच्या, म्हणजे ज्यावरून बी गोळा केलं त्या एकाच रोपाच्या, बियांची. ‘मिसळ’ कुंडीत चार रोपं चार वेगळ्या मातृरोपांची.

आता मेख पाहा. एकजात कुंड्या बारा करा, आणि प्रत्येक कुंडीत वेगळं मातृरोप घ्या. म्हणजे प्रत्येक मातृरोपाची चार रोपं, एकूण अठ्ठेचाळीस. मिसळ कुंड्याही बाराच, आणि बारा मातृरोपांतून चार-चार अशी निवड करा की प्रत्येक मातृरोप बरोबर चार कुंड्यांत येईल. पुन्हा अठ्ठेचाळीस. दोन्हीकडे तीच मातृरोपं, तेवढीच रोपं, त्यामुळे गुणांची सरासरी तीच. बदललं ते एवढंच, की फरक कुंडीच्या आत आहे की कुंड्याकुंड्यांत विभागलेला. बहुतेक जण एकच जोमदार मातृरोप निवडून सगळ्या एकजात कुंड्या त्याच्याच करतात आणि शेवटी त्या एका रोपाची थोरवी मोजून बसतात.

या दोन्ही प्रकारांत टाकळ्याच्या चार रोपांसोबत गाजर गवताची चार रोपं लावायची. तुलनेसाठी आणखी कुंड्या लागतात: गाजर गवत एकटं, चार रोपं, गाजर गवत एकटं, आठ रोपं, टाकळा एकटा, चार आणि आठ, दोन्ही एकजात आणि मिसळ अशा स्वरूपात. प्रत्येक प्रकाराच्या बारा धरल्या तर एकूण शहाण्णव कुंड्या होतात. एवढी जागा नसेल तर टाकळा एकटा असलेल्या कुंड्या सोडा. मग टाकळ्याला काय सोसावं लागलं ते कळणार नाही, पण गाजर गवतावरचा परिणाम कळेल. गाजर गवत एकटं, आठ रोपांचं, हे मात्र सोडू नका. का ते हिशेबात येईल.

कुंड्या बारा इंची घ्या किंवा तेवढ्या मोठ्या नर्सरीच्या काळ्या पिशव्या. मातीची काळजी एप्रिलपासूनच सुरू होते, कारण आपल्याकडच्या कुठल्याही मातीत गाजर गवताचं बी असतंच. माती चाळा, ओली करा, गच्चीवर पातळ थर पसरा आणि पारदर्शक प्लास्टिकने कडा दाबून महिना-दीड महिना झाका. उन्हाळ्यात आत भाजून निघते. तरी पावसात काही आगंतुक उगवतीलच, ते रोज उपटा. टाकळ्याचं टणक बी तर हे ऊनही पचवतं, म्हणून टाकळा वाढतो तिथली माती मुळातच आणू नका. शेणखत सगळ्या मातीत एकदम मिसळून मगच कुंड्या भरा, कुंडीगणिक ओंजळीने टाकू नका. आणि टाकळ्याला शेंगा येतात म्हणून तो मातीला नत्र देईल, या भरवशावर राहू नका. या गटाच्या मुळांवर सहसा गाठी येत नाहीत. नत्रासाठी दोघंही त्याच मातीत हात घालतात.

उगवण आणि लावणी

टाकळ्याचं बी तसंच पेरलं तर काही बिया आठवडाभरात उगवतात, काही पुढच्या वर्षी. दोन सँडपेपरच्या मध्ये चकाकी जाईपर्यंत घासा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. फुगलेल्या बिया घ्या. सगळी पाकिटं सारख्याच वेळ घासायची. मेढ्याची जास्त आणि दहिवडीची कमी घासली, तर उगवणीचा फरक तुमच्या हाताने केलेला असेल. घासण्याआधी प्रत्येक मातृरोपाच्या दहा-दहा बियांच्या पाच ढिगाऱ्यांचं वजन करून ठेवा. दुष्काळी जागेतल्या आईने बारीक बी दिलं असेल तर पहिल्या पंधरवड्यातली वाढ त्या वजनावरच जाते. हा आईच्या हालाचा परिणाम असतो, आनुवंशिक फरक नव्हे. तो पुरता काढायचा तर एक पिढी एकाच जागी वाढवून तिचं बी वापरावं लागेल. एका वर्षाच्या प्रकल्पात ते जमणार नाही, पण वजनाची नोंद असली तर विश्लेषणात त्याची दखल घेता येते.

गाजर गवताचं बी ट्रेमध्ये मातीवर नुसतं भुरभुरा, खोल पुरलं तर उगवणार नाही. जूनच्या शेवटी दोन्हींची रोपं दोन खऱ्या पानांवर आली की एकाच दिवशी कुंड्यांत लावा. टाकळा चार दिवस आधी लावला तर तो जिंकणारच, त्यात शोध काही नाही. मिसळ कुंडीतल्या प्रत्येक टाकळ्याजवळ रंगीत लोकर बांधलेली काडी खोचा, नाहीतर महिन्याने कुठलं रोप कुणाचं ते कळणार नाही. कुंड्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि दर आठवड्याला बदला. गच्चीच्या पश्चिमेच्या कठड्याकडे पावसाचा झोत जास्त येतो.

किड्यांवर डोळा ठेवा. गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगेरा, झायगोग्रामा, १९८४ मध्ये बंगळुरूत सोडला होता. पावसाळ्यात तो कुंड्यांवर येऊन बसला तर फक्त गाजर गवत फस्त करील आणि श्रेय टाकळ्याला जाईल. टाकळ्यावर फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या येतात. दोन्ही हातानेच वेचा. फवारणी नको आणि शेडनेटही नको, कारण प्रकाशाचीच तर स्पर्धा मोजायची आहे.

काय मोजायचं

दर आठवड्याला उंची. शेवटी, साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, गाजर गवताला कळ्या दिसू लागताच सगळं काढायचं. एकही फूल उमलू द्यायचं नाही.

पानांची मापं सकाळी घ्या. संध्याकाळ झाली की टाकळ्याच्या पर्णिका मिटून जोड्या एकमेकींना चिकटतात. तेव्हाची उंची आणि पसारा सकाळच्या मापाशी जुळत नाही, आणि दोन विद्यार्थ्यांनी दोन वेळांना मोजलं तर हाच फरक जातीअंतर्गत वैविध्य म्हणून अहवालात जाऊन बसतो. शेंड्याकडून तिसरं पूर्ण उघडलेलं पान घ्या, त्याची सर्वांत वरची पर्णिकांची जोडी काढा. ओल्या टिपकागदात गुंडाळून आणा, पट्टी शेजारी ठेवून सपाट स्कॅन करा. क्षेत्रफळ इमेज-जे या मोफत सॉफ्टवेअरवर निघतं. मग ७० अंश सेल्सिअसला बहात्तर तास वाळवून वजन. क्षेत्रफळ भागिले कोरडं वजन म्हणजे विशिष्ट पर्णक्षेत्र. ते जास्त म्हणजे पान पातळ, झटपट वाढणारं. कमी म्हणजे जाड, टिकाऊ. पावसाळ्यात उन्हात वाळवायचा हट्ट धरू नका, श्रावणात पान वाळायच्या आधी कुजतं.

शेवटी प्रत्येक रोप जमिनीलगत कापून वेगळ्या पाकिटात वाळवा. मुळं धुवायचा उत्साह असेल तर चार-पाच कुंड्यांची धुवा. दोन जातींची गुंतलेली मुळं सोडवण्यात आठवडा जातो आणि आकडे विश्वासाचे निघत नाहीत.

हिशेब

प्रत्येक कुंडीतल्या टाकळ्यांच्या प्रत्येक मापाचं (उंची, विशिष्ट पर्णक्षेत्र, वजन) प्रमाणित विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, भागिले सरासरी, गुणिले शंभर, हा विचरण गुणांक काढा. मिसळ कुंड्यांत तो खरोखर जास्त आहे का, हे आधी पाहा. नसेल तर तुमच्या बारा मातृरोपांत तसा फरकच नव्हता, आणि पुढचा सगळा ताळेबंद त्या वाक्याने सुरू करावा लागेल.

स्पर्धेचा दाब मोजायला रोपाच्या वजनाचा व्यस्त, म्हणजे एक भागिले वजन, घ्या. उदाहरणाचे आकडे घेऊ. गाजर गवत एकटं, चार असताना रोपामागे १० ग्रॅम; व्यस्त ०.१०. आठ असताना ६.२५ ग्रॅम; व्यस्त ०.१६. म्हणजे जादा चार भाऊबंदांनी ०.०६ भर घातली, एकाने ०.०१५. आता चार गाजर गवत आणि चार एकजात टाकळा: रोपामागे ५ ग्रॅम, व्यस्त ०.२०. टाकळ्याने घातलेली भर ०.१०, एका रोपाची ०.०२५. म्हणजे गाजर गवताच्या एका रोपाला टाकळ्याचं एक रोप स्वतःच्या एक पूर्णांक दोन तृतीयांश भावंडांइतकं जड जातं. मिसळ कुंडीत रोपामागे ६.२५ ग्रॅम आले, तर टाकळ्याचं एक रोप फक्त एका भावंडाइतकं. सरासरी तीच असूनही दाब घसरला. आठ रोपांच्या कुंड्या नसत्या तर हे माप कशाच्या तुलनेत मांडणार?

टाकळ्याच्या बाजूनेही हाच हिशेब करा. दोन्ही जाती एकमेकींपेक्षा स्वतःच्याच भाऊबंदांना जास्त दाबत असतील, तर त्या एकत्र टिकण्याची शक्यता असते. एकच जात दोघांनाही दाबत असेल तर दुसरी हटणार. पण कुंडीतलं वजन हे बियांच्या संख्येला पर्याय म्हणून घेतलेलं माप आहे. गाजर गवताचं एक रोप हजारोंनी बी सोडतं आणि टाकळ्याचं टणक बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं. या दोन्ही गोष्टी पंचेचाळीस दिवसांच्या वजनात येत नाहीत. ‘टाकळा गाजर गवताला हद्दपार करतो’ असं अहवालात लिहायचा अधिकार या प्रयोगाने मिळत नाही.

आकडेशास्त्रात एकक कुंडी धरायची. कुंडीतली चार गाजर गवतं म्हणजे चार स्वतंत्र पुरावे नव्हेत, त्यांची सरासरी हा एक पुरावा. बारा विरुद्ध बारा एवढाच तुमचा संच. अठ्ठेचाळीस विरुद्ध अठ्ठेचाळीस लावलं की निकाल हमखास ‘लक्षणीय’ येतो, आणि तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतात.

एकजात कुंड्यांचा पसारा मिसळीपेक्षा मोठा दिसेल, तो अपेक्षितच आहे. एखाद्या मातृरोपाची कुंडी गाजर गवताला पुरती झोपवेल, दुसऱ्याची काहीच करणार नाही. मिसळ जिंकली तर लगेच आनंद मानू नका. लोकरीच्या काड्या बघून प्रत्येक मातृरोपाची रोपं मिसळीत किती वाढली ते पाहा. सगळं काम एकाच दांडग्या मातृरोपाने केलं असेल तर तो निवडीचा परिणाम. बहुतेक सगळीच मातृरोपं एकजात कुंडीपेक्षा मिसळीत बरी वाढली असतील, तर ती जागा वाटून घेत आहेत. शेतकऱ्याला द्यायचा सल्ला या दोन्ही बाबतीत वेगळा निघतो. पहिल्यात त्या एका रोपाचं बी वाढवा, दुसऱ्यात चार गावांचं मिसळा.

ठिकाणाचा भाग वेगळा काढायला आर या आकडेशास्त्राच्या मोफत प्रणालीत मिश्र प्रारूप, म्हणजे एकूण फरक पातळीपातळीने वेगळा करणारं प्रारूप, लावा: ठिकाण, त्यात मातृरोप, त्यात रोप. रस्त्याकडेच्या मूळ रोपांचीही मापं बी गोळा करताना घेतली असतील, तर मेढा आणि दहिवडीतला उंचीचा फरक तिथे केवढा होता आणि एकाच मातीत, एकाच पावसात केवढा उरला, हे शेजारी ठेवा. जो आटला तो परिस्थितीचा. जो उरला त्यातला काही वंशाचा, काही आईच्या बीवजनाचा.

काढणीनंतर गाजर गवताची कापलेली रोपं वजन झाल्यावर जाळा किंवा खोल पुरा. कळीपर्यंतच आली असली तरी गच्चीवर ढीग करून ठेवू नका. उरलेलं त्याचं बी पाकिटासकट जाळा. टाकळ्याची पाकिटं मात्र क्रमांकासह कोरड्या बरणीत ठेवा. पुढच्या वर्षीच्या तुकडीला तीच बारा मातृरोपं कमी पाण्यावर वाढवून बघता येतील.